बीई तारे बघायला ‘स्टार अनलायझर १००’ घ्यावं का?

आधी निकाल, मग कारणं. बीई ताऱ्याच्या (वायूच्या चकतीने वेढलेल्या उष्ण ताऱ्याच्या) वर्णपटात हायड्रोजनची उजळ रेषा आहे की नाही, आणि ती महिन्या-वर्षात वाढतेय की ओसरतेय, एवढंच पाहायचं असेल तर ‘स्टार अनलायझर १००’ ही ग्रेटिंग, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवणारी बारीक रेघांची काच, जरूर घ्या. एवढ्या कमी पैशात हे काम करणारी दुसरी वस्तू नाही. ताऱ्याभोवतीची वायूची चकती फिरताना पाहायची असेल तर मात्र घेऊ नका. ते या ग्रेटिंगच्या आवाक्यातच नाही आणि कितीही चांगली दुर्बीण जोडली तरी येणार नाही. घेतल्यावर निराश होणारे बहुतेक लोक हा फरक न कळता घेतात, किंवा अंतर आणि फोकस चुकवतात.

वस्तू साधी आहे. ब्रिटनमधली पॅटन हॉक्सली ही कंपनी ती बनवते, कल्पना रॉबिन लेडबीटर या हौशी निरीक्षकाची. सव्वा इंची फिल्टरच्या चौकटीत बसवलेली, मिलिमीटरला १०० रेघांची ही ग्रेटिंग. आटे नेहमीच्या फिल्टरचेच, त्यामुळे कॅमेऱ्याच्या नोजपीसवर (दुर्बिणीत सरकवायच्या नळीवर) सरळ चढते. रेघांचा उतार असा दिलेला असतो की बराचसा प्रकाश एकाच बाजूच्या पहिल्या वर्णपटात जातो. दुसऱ्या बाजूलाही वर्णपट दिसतो, पण फिका. कुठली बाजू उजळ हे एकदा तपासून नोजपीसवर पेनने खूण करून ठेवा, म्हणजे दर वेळी अंधारात चाचपडावं लागणार नाही.

बीई तारे म्हणजे काय हे थोडक्यात सांगायला हवं, कारण ग्रेटिंगच्या मर्यादा तिथूनच निघतात. हे बी वर्गातले तारे, पृष्ठाचं तापमान साधारण दहा हजार ते तीस हजार केल्व्हिन. इतक्या वेगाने फिरतात की विषुववृत्तावर गुरुत्व जेमतेम पुरतं. आपला सूर्य विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने फिरतो. शर्मिष्ठेतल्या गॅमा ताऱ्याचा नुसता आपल्या दिशेने दिसणारा वेगच चारशेच्या वर आहे. त्या वेगाने विषुववृत्त फुगतं, तिथला वायू सुटतो आणि ताऱ्याभोवती चकती होऊन फिरत राहतो. वायू नुसत्या वेगाने सुटतो की ताऱ्याच्या स्पंदनांचा धक्का लागतो, यावर अजून वाद आहे. वेग आणि स्पंदनं दोन्ही मिळून हे घडवतात, असं मानणारे बरेच. चकतीतल्या हायड्रोजनचे अणू ताऱ्याच्या अतिनील प्रकाशाने फुटतात आणि पुन्हा जुळताना एच-अल्फाचा, म्हणजे ६५६३ आंग्स्ट्रॉमचा (आंग्स्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) लाल प्रकाश सोडतात. नेहमीच्या उष्ण ताऱ्यात जिथे काळी रेषा हवी तिथे बीईत उजळ रेषा दिसते ती यामुळे. अँजेलो सेक्की यांनी १८६६ साली गॅमा शर्मिष्ठेत अशी उजळ रेषा पाहिली आणि या जातीची पहिली नोंद झाली. जलद फिरण्यातून हे घडतं, हा विचार ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९३१ साली मांडला.

ही चकती कायमची नसते. वर्षानुवर्षं टिकते, विरते, पुन्हा उभी राहते. गॅमा शर्मिष्ठा १९३७ साली १.६ प्रतीपर्यंत (प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) उजळला आणि पुढच्या काही वर्षांत ३ प्रतीपर्यंत खाली आला. म्हणूनच या ताऱ्यांवर कुणीतरी सतत लक्ष ठेवायला हवं, आणि ते काम हौशी माणसाला जमण्यासारखं आहे.

आता जोडणी. इथे एकच सूत्र पाठ करा: सेन्सरच्या एका पिक्सेलवर किती आंग्स्ट्रॉम पडतात = १०,००० × पिक्सेलचा आकार (मायक्रॉन) ÷ (१०० × ग्रेटिंगपासून सेन्सरपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये). ३.७५ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ५० मिमी अंतर धरलं तर ७.५ आंग्स्ट्रॉम येतात. मूळ तारा (शून्य क्रम) शून्यावर धरून ७५०० आंग्स्ट्रॉमपर्यंतचा वर्णपट म्हणजे बरोबर १००० पिक्सेल. १२८० पिक्सेल रुंदीच्या सेन्सरवर तारा आणि वर्णपट दोन्ही एकाच चित्रात मावतात. तसं मावायलाच हवं, कारण मूळ तारा हीच मोजमापाची सुरुवातीची खूण. अंतर पट्टीने मोजताना सेन्सर कॅमेऱ्याच्या तोंडापासून किती आत आहे तेही धरा. तो आकडा कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात असतो. पट्टीवर फार विसंबू नका. अभिजितचा वर्णपट घ्या, मूळ ताऱ्यापासून एच-बीटाची (४८६१) काळी रेषा किती पिक्सेलवर आहे ते मोजा. ६४८ आले तर ७.५ जुळलं.

पिक्सेल बारीक केले म्हणजे तपशील वाढतो, हा समज काढून टाका. २.४ मायक्रॉनच्या सेन्सरवर ५० मिमीला ४.८ आंग्स्ट्रॉम येतील, पण तपशील तेवढाच राहील. मोठ्या वर्णपटमापकांत प्रकाश अरुंद फटीतून येतो; इथे तशी फट नाही, ताऱ्याचा ठिपका हीच फट. हवेने ठिपका जेवढा फुगतो तेवढी रेषा फुगते. हिशोब असा: ८०० मिमी फोकल लांबीवर ३ विकलांचा (आर्क-सेकंदांचा) ठिपका सुमारे १२ मायक्रॉन होतो, म्हणजे ३ पिक्सेल, म्हणजे २३ आंग्स्ट्रॉम. त्यात एककेंद्री होत जाणाऱ्या प्रकाशात ग्रेटिंग ठेवल्यामुळे येणारा कोमा (ठिपका शेपटीसारखा ओढला जाण्याचा दोष) मिळवा, फोकसची थोडी चूक मिळवा, आणि प्रत्यक्षात ४० ते ५० आंग्स्ट्रॉम हाती येतात. चांगल्या रात्री ३५.

म्हणून दुर्बीण निवडताना मोठ्या आरशाच्या मागे लागू नका. हा कोमा एफ-रेशोच्या (फोकल लांबी ÷ दुर्बिणीचा व्यास) वर्गाने कमी होतो: एफ/५ वर जेवढा, त्याच्या चौथाई एफ/१० वर. ८०–१०० मिमीचा एफ/७ किंवा एफ/८ रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) या कामाला आठ इंची एफ/५ न्यूटोनियनपेक्षा (आरशाच्या दुर्बिणीपेक्षा) बरा. आठ इंची प्रकाश जास्त देतो खरा, पण तेजस्वी बीई ताऱ्यांना प्रकाशाची कमतरता नाहीच. अभिजितसारख्या पांढऱ्या ताऱ्यावर हायड्रोजनच्या काळ्या रेषा पुसट, पसरट दिसत असतील आणि फोकस नीट असेल, तर एफ-रेशो हाच संशयित.

ट्रॅकिंग (ताऱ्यामागे आपोआप फिरण्याची सोय) नसलेल्या डॉब्सोनियनवरही, म्हणजे हाताने फिरवायच्या आरशाच्या दुर्बिणीवरही, काम होतं. ग्रेटिंग अशी फिरवा की वर्णपटाची दिशा ताऱ्याच्या सरकण्याच्या दिशेला काटकोनात येईल. मग तारा सरकत गेला की वर्णपट आपोआप रुंद पट्टा होतो, रेषा लांबट होते आणि डोळ्याला ओळखता येते. तिरकी राहिली तर रेषा पुसल्या जातात.

कॅमेऱ्याबद्दल बीईसाठी खास इशारा. नेहमीच्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे जी लाल-अवरक्त छाटणारी काच असते, ती एच-अल्फाचा बराच मोठा भाग खाते. त्यात रंगीत सेन्सरवर लाल पिक्सेल चारात एकच. रेषा दिसत नाही म्हणून लोक ग्रेटिंगला दोष देतात, आणि दोष काचेचा असतो. कृष्णधवल कॅमेरा, आणि त्यापुढे फक्त साधी किंवा अवरक्त जाऊ देणारी काच, हे सर्वांत बरं. डीएसएलआरच वापरायचा असेल तर ग्रेटिंग लेन्सच्या पुढे बसवा. ८५ मिमी लेन्स आणि ४.३ मायक्रॉनच्या पिक्सेलला ५ आंग्स्ट्रॉमच्या आसपास येतात, प्रकाश समांतर असल्याने तो कोमा नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंतचे तारे नीट येतात. फक्त एच-अल्फाचा जोर मूळचा नसेल, हे लक्षात ठेवा.

फोकस मूळ ताऱ्यावर करू नका. ग्रेटिंगमुळे निळ्याची आणि लालची फोकसची जागा वेगळी असते. तारा टाचणीसारखा दिसला तरी लाल टोक विस्कटलेलं असतं. गॅमा शर्मिष्ठेसारखा तारा लावा आणि एच-अल्फाचा ठिपका सर्वांत बारीक आणि सर्वांत उजळ होईल तिथे फोकस पक्का करा. मूळ तारा थोडा फुगला तरी चालतो, त्याचा मध्य मोजता येतो.

एक्स्पोजरचं गणित: १०० मिमी दुर्बिणीवर दुसऱ्या प्रतीच्या ताऱ्याला एक-दोन सेकंद पुरतात. सेन्सर हिरव्या भागाला जास्त संवेदनशील असतो आणि उष्ण तारा निळ्याकडे जास्त प्रकाश देतो, त्यामुळे हिरवा-निळा भाग आधी भरतो आणि एच-अल्फा खाली राहते. म्हणून दोन संच घ्या. एकात सगळा वर्णपट ७० टक्क्यांच्या आत, दुसऱ्यात हिरवा भाग फुटला तरी चालेल पण एच-अल्फाचं शिखर ६०–७० टक्क्यांवर. प्रत्येक संचात तीसेक चित्रं, डार्क (झाकण लावून घेतलेली काळी चित्रं) वेगळे.

सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे पार्श्वभूमीचे तारे. फट नसल्यामुळे मागचा कुठलाही तारा वर्णपटावर येऊन बसतो आणि नेमका उत्सर्जन रेषेसारखा दिसतो. गॅमा शर्मिष्ठा आकाशगंगेच्या पट्ट्यात आहे, तिथे हे नेहमीचंच. उपाय सोपा: ग्रेटिंग १०–१५ अंश फिरवून पुन्हा चित्र घ्या. खरी रेषा वर्णपटाबरोबर फिरते, मागचा तारा जागेवर राहतो. नवा तारा लावला की हे करायचंच, आळस करू नका.

दुसरी अडचण लाल टोकाची. दुसऱ्या क्रमाचा, म्हणजे पहिल्याच्या पलीकडे पडणाऱ्या पुढच्या वर्णपटाचा, जांभळा भाग पहिल्या क्रमाच्या लाल भागावर चढतो. हे सगळ्याच ताऱ्यांत होतं, पण बी ताऱ्यांचा जांभळा प्रकाश इतका जोरदार की ७५०० आंग्स्ट्रॉमच्या पुढचं काहीही विश्वासाचं नाही. एच-अल्फा त्याच्या बरीच अलीकडे असल्याने सुटते. ७६०५ ची (आपल्या हवेतल्या) ऑक्सिजनची काळी पट्टी मात्र या गढूळ भागातच येते, म्हणून तिला मुख्य खूण न मानता फक्त पडताळ्यासाठी ठेवा. मुख्य मोजमाप मूळ तारा आणि जवळच्या ए वर्गाच्या (बीपेक्षा थोड्या थंड) ताऱ्यातली एच-बीटा या दोन खुणांवर करा.

शहरी उजेडाचं ओझं वाटतं तेवढं नाही. मुंबई-पुण्याचा एलईडीचा उजेड संपूर्ण चित्रावर एकसारखा पसरतो आणि वर्णपटाच्या वर-खालच्या पट्ट्या घेऊन वजा करता येतो. तेजस्वी ताऱ्यांना गच्चीही चालते. धुकं आणि पातळ ढग मात्र वाईट, कारण तुलनेच्या (शेजारच्या, उजळ रेषा नसलेल्या) ताऱ्यावर आणि लक्ष्यावर ते वेगवेगळे असतात.

कुठले तारे घ्यायचे? पहिला गॅमा शर्मिष्ठा, ऑक्टोबर ते जानेवारी संध्याकाळी. पुण्याहून तो उत्तरेला ४८ अंशांपर्यंत चढतो. तुलनेला शेजारचाच डेल्टा शर्मिष्ठा, ए५ वर्गाचा, जवळपास त्याच उंचीवर. ययातीतले फाय आणि साय हे दोघेही रेषेने तगडे. चौथ्या प्रतीचे, म्हणून एक्स्पोजर सहा-सात पट. वृषभेतल्या झीटाला तुलनेला बीटा वृषभ (बी७) घ्या.

आणि अनुराधा. या नक्षत्राचे तीन मुख्य तारे, बीटा, डेल्टा आणि पाय वृश्चिक, तिघेही बी वर्गाच्या उष्ण टोकाचे, एकाच भागात. यातला मधला, डेल्टा, बीई आहे. २००० सालच्या मध्याला अर्जेंटिनाच्या सेबास्टियन ओटेरो यांच्या लक्षात आलं की तो नेहमीच्या २.३ प्रतीपेक्षा उजळ झालाय. पुढे तो १.६ प्रतीपर्यंत गेला. त्याचा जोडीदार तारा सुमारे १०.८ वर्षांनी अगदी जवळून जातो: २०००, २०११, २०२२, आणि पुढचा योग २०३३ च्या आसपास. ग्रेटिंग शिकायला याहून चांगली शाळा नाही. एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्याआधी, आधी बीटा घ्या, मग डेल्टा. सगळं तेच ठेवा: फोकस, अंतर, एक्स्पोजर. बीटाच्या वर्णपटात ६५६३ ला किंचित खाच, डेल्टाच्या त्याच जागी टेकाड. पुण्याहून डेल्टा ४९ अंशांपर्यंत चढतो, हवा तेवढी त्रास देत नाही. अग्रनदही बीई आहे, पण पुण्याहून तो १५ अंशही वर येत नाही, तेव्हा त्याचा नाद सोडा.

कृत्तिकांमधली प्लायोनी ही दुसरी गंमत. ती पाचव्या प्रतीची, आणि दक्षिणेला जेमतेम ५ कला (आर्क-मिनिटं) अंतरावर ॲटलस. दोघे बी८, पण उजळ रेषा प्लायोनीतच. ८०० मिमी फोकल लांबीवर ५ कला म्हणजे सुमारे ३०० पिक्सेल. ग्रेटिंगची दिशा उत्तर-दक्षिण ठेवली तर ॲटलसचा वर्णपट प्लायोनीवर चढतो आणि सगळं वाया जातं. पूर्व-पश्चिम ठेवली तर दोन्ही वर्णपट एकाखाली एक समांतर येतात, तुलनेचा तारा त्याच चित्रात फुकट. वीसेक सेकंदांचं एक्स्पोजर लागतं, म्हणजे ट्रॅकिंग हवंच. प्लायोनीच्या रेषेचा जोर दशकांत बदलतो, त्यामुळे एखाद्या हंगामात टेकाड बारीक दिसलं तर ग्रेटिंगवर खापर फोडू नका.

किती जोराची रेषा दिसेल, हेही आधीच काढता येतं. रेषेतला एकूण प्रकाश समतुल्य रुंदीत मोजतात, म्हणजे तो पायाच्या पातळीच्या किती आंग्स्ट्रॉमच्या प्रकाशाइतका आहे हे पाहतात. ती ३० आंग्स्ट्रॉम असेल आणि आपला पसरटपणा ५० असेल, तर शिखर पायाच्या पातळीवर साधारण ५५ टक्के चढतं. डोळ्याला लगेच दिसतं. ५ आंग्स्ट्रॉमची रेषा असेल तर फक्त ९ टक्के, आणि मग सेन्सरच्या तक्रारी, धूळ आणि ढग यांच्यात ती हरवते. लघुलुब्धकातला बीटा, कृत्तिकांतल्या इलेक्ट्रा आणि मेरोपी असे मंद रेषेचे बीई या कारणाने सोडून द्या.

मोजताना नोंद समतुल्य रुंदीची ठेवा, शिखराच्या उंचीची नाही. हवा बिघडली की शिखर खाली बसतं, पण रेषेतला एकूण प्रकाश तेवढाच राहतो. पायाची पातळी डावीकडे ६३६० ते ६४५०, उजवीकडे ६६८० ते ६७८० मधून घ्या. त्याच्या पुढे ६८७० ची ऑक्सिजनची पट्टी आहे. आपल्या पसरटपणात ती ६८३० पासूनच ओढ लावते आणि पाया खाली खेचते. एका रात्रीच्या चित्रांचे पाच वेगळे गट करून पाचही मोजा. त्यांच्यातला फरक हीच तुमची खरी अचूकता. त्याच्या दुपटीपेक्षा कमी बदल दिसला तर ‘चकती वाढली’ म्हणून कुठे जाहीर करू नका.

वर्णपट मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये आरस्पेक विकतचं, पण पहिल्या संध्याकाळीच जमतं. बास फुकट आणि पुरेसं. क्रिस्तियाँ ब्यूल यांचं आयसिसही फुकट आणि जास्त ताकदीचं, पण शिकायला वेळ खातं. नुसत्या स्टार अनलायझरसाठी ते जड आहे.

आता न जमणारं. चकतीतला वायू आपल्याकडे आणि आपल्यापासून दूर जाताना रेषेची दोन शिखरं होतात. सेकंदाला २०० किलोमीटर वेग म्हणजे एच-अल्फात फक्त ४.४ आंग्स्ट्रॉमचा सरक. आपला पसरटपणा ५० आंग्स्ट्रॉम, म्हणजे सेकंदाला सुमारे २३०० किलोमीटर. दोन्ही शिखरं त्यात सपाट होतात. निळं शिखर उंच की लाल, चकतीत घनतेची लाट कुठे फिरतेय, चकती आपल्याला कडेने दिसतेय का, यातलं काहीही कळणार नाही. इथे बरेचजण पुढची पायरी म्हणून ‘आल्पी ६००’ घेतात. उपकरण छान आहे, फट आहे, मोजमाप पक्कं होतं, पण ६०० च्या विभेदनाला (तरंगलांबी ÷ ओळखता येणारा सर्वांत बारीक फरक) ११ आंग्स्ट्रॉम, म्हणजे सेकंदाला ५०० किलोमीटर. दोन शिखरं तिथेही बहुधा एकच. बीईची चकती वाचायची असेल तर २४०० रेघांच्या ग्रेटिंगचा ‘एल-हायरेस ३’ हा फटीचा वर्णपटमापक किंवा त्या तोडीचं काही, आणि त्याला पक्कं माउंट, गायडिंग, निऑनचा दिवा. तिथे एका रात्रीची तयारीच तासाभराची. मात्र त्या प्रतीचे वर्णपट पॅरिस वेधशाळेच्या ‘बेस’ या साठ्यात जमा करता येतात, आणि व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ ते खरोखर वापरतात. स्टार अनलायझरवाल्यांनीही तो साठा उघडून ठेवावा: आपण जो तारा मोजला त्याची दोन शिखरं त्या आठवड्यात कशी होती, हे तिथे पाहायला मिळतं.

‘स्टार अनलायझर २००’ कुणी घ्यावं? फिल्टरचक्रात बसवायची असेल आणि सेन्सरपर्यंत २५–३० मिमीच अंतर मिळत असेल त्यांनी. दुप्पट रेघांमुळे अर्ध्या अंतरात तेवढाच पसारा मिळतो. अंतर वाढवता येत असेल तर १०० च घ्या; तीच एफ/५ पासून लेन्सपर्यंत सगळीकडे बसते.

डोळ्याने पाहण्यासाठी मात्र ही घेऊ नका. आयपीसला लावून अभिजितच्या निळ्या-हिरव्या भागातल्या रेषा हुशारीने ओळखता येतात, पण ६५६३ ला डोळा कमजोर असतो आणि बीईची मुख्य रेषा तिथेच आहे.

देखभालीला फार काही नाही. काचेवर धूळ बसली तर फुगा दाबून उडवा, कापडाने पुसू नका. दमट हवेत वापरल्यावर डबी बंद करण्याआधी कोरडी होऊ द्या आणि डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर ती न ठेवल्यास काचेवर बुरशी यायला वेळ लागत नाही. परदेशातून मागवली तर सीमाशुल्काचा खर्च किमतीत आधीच धरा, आणि नोजपीस, दोन-तीन एक्स्टेंशन नळ्या त्याच मागणीत घ्या. ५० मिमी अंतर जुळवायला त्या लागतातच, आणि नंतर सुट्या मागवल्या तर टपालखर्च नळीपेक्षा जास्त होतो.